आधी बोर्ड दाखवा

२०२३ च्या मार्चमध्ये लेकीची दहावीची परीक्षा संपली. शेवटचा पेपर देऊन आली त्याच संध्याकाळी तिने वहीतलं एक पान फाडून माझ्यासमोर ठेवलं. गेमिंग कॉम्प्युटरची यादी. आठ भाग, आठ किमती आणि खाली दोन रेघा मारून बेरीज: ५९,८००. परीक्षा झाल्यावर साठ हजारांपर्यंत घेऊ, असा शब्द मी तिला दिला होता. दोन वर्षांची भिशी त्यासाठी बाजूला ठेवली होती.

मी पतपेढीत काम करते. कॉम्प्युटरच्या पोटात काय असतं ते मला तेव्हा माहीत नव्हतं, पण आकड्यांचा कागद वाचता येतो. सगळ्यांत मोठा आकडा ग्राफिक्स कार्डाचा, म्हणजे पडद्यावरची चित्रं रंगवणाऱ्या भागाचा होता, १७,०००. कॅबिनेट ६,५००, त्यात रंगीत दिवे. प्रोसेसरवर बसवायचा वेगळा कूलर ४,०००. आणि सगळ्यांत शेवटी, सगळ्यांत लहान आकडा: एसएमपीएस, १,१००.

माझ्या बाबांनी चष्मा लावून ते पान वाचलं. त्यांना गेममधलं काही कळत नाही, पण त्यांनी बत्तीस वर्षं अंबरनाथच्या एका कारखान्यात वायरमनचं काम केलंय. त्यांचं बोट थेट शेवटच्या ओळीवर गेलं. "सगळ्यांना वीज देणारा हाच ना? मग हा सगळ्यांत स्वस्त कसा?"

लेक म्हणाली, "आबा, त्याने गेम फास्ट नाही होत."

बाबा काही बोलले नाहीत. उठून आतल्या खोलीत गेले आणि भिंतीवरच्या बोर्डासमोर उभे राहिले. ते तिथे का उभे राहिले, ते मला कळलं. लेकीला कळणं शक्य नव्हतं, तेव्हा ती दोन वर्षांची होती.

आमच्या घरात पहिला कॉम्प्युटर आला तेव्हा तो जवळच्याच एका दुकानातून जोडून आणला होता. कॅबिनेटबरोबर एसएमपीएस फुकट मिळाला, म्हणून आम्ही खूश होतो. त्या कॅबिनेटच्या पत्र्याला हात लागला की झिणझिण्या यायच्या. मी बाबांना दोनदा सांगितलं होतं. "बघतो," म्हणाले होते. मग २००९ च्या पावसाळ्यात एका संध्याकाळी दिवे मंद झाले, एकदम भगभगले आणि कॅबिनेटमधून फटाक्यासारखा आवाज आला. खांबावरचं न्यूट्रल, म्हणजे वीज परत नेणारी तार, सुटलं होतं आणि घरात येणारं व्होल्टेज एकदम चढलं होतं. एसएमपीएस गेला, मदरबोर्ड गेला, हार्ड डिस्क गेली. लेकीच्या जन्मापासूनचे सगळे फोटो त्या एकाच डिस्कवर होते. बारशाचे, पहिल्या वाढदिवसाचे, सगळे. दुसरी प्रत कुठेच नव्हती.

बाबांनी दुसऱ्या दिवशी बोर्ड उघडला. तीन पिनांचं सॉकेट होतं, पण तिसऱ्या भोकाला वायरच नव्हती. अर्थिंग कधी जोडलंच नव्हतं. पत्र्याला येणाऱ्या झिणझिण्या त्याच्याच होत्या. एसएमपीएसच्या तोंडाशी विजेतला खरखराट गाळणारे छोटे कपॅसिटर असतात, त्यांतून झिरपणारा करंट अर्थिंगच्या वाटेने जमिनीत जायला हवा. वाटच नसली की तो पत्र्यावर थांबतो आणि हात लावणाऱ्याची वाट बघतो. नुसत्या अर्थिंगमुळे तो कॉम्प्युटर वाचला असता असं नाही. व्होल्टेज चढतं तेव्हा एसएमपीएसमधलं स्वतःचं संरक्षण कामाला यावं लागतं, आणि त्या फुकटच्या डब्यात ते नव्हतंच. पण बाबांना हे कितीही वेळा सांगितलं तरी त्यांच्या मनातून ते गेलं नाही. लोकांच्या कारखान्यात अर्थिंग तपासत हिंडणारा माणूस, आणि घरच्या बोर्डाला वायर नाही.

तर लेकीच्या यादीतला पहिला भाग कुठल्याही दुकानात मिळणारा नव्हता. आमचं बदलापुरातलं बैठं घर, मागे थोडी जागा. एप्रिलच्या उन्हात बाबांनी तिथे खड्डा खणून घेतला, त्यात पाइप उभा केला, भोवती कोळसा आणि मीठ यांचे थर दिले, पाणी सोडलं आणि तिथून जाड वायर आतल्या खोलीपर्यंत आणली. मग फेज आणि अर्थिंगच्या मध्ये शंभर वॉटचा दिवा लावून दाखवला. दिवा लख्ख पेटला. मीटर लावलं तर न्यूट्रल आणि अर्थिंगमध्ये एक व्होल्टसुद्धा नव्हता. लेकीने त्या मीटरचा फोटो काढला. तिच्या कॉम्प्युटरचा तो पहिला फोटो.

तोपर्यंत मी रात्री जेवणं झाल्यावर तिच्याबरोबर बसून शिकत होते. नवशिक्याला सगळे पहिल्यांदा प्रोसेसरच विचारतात, "आय-फाइव्ह की रायझन?", म्हणजे इंटेलचा की एएमडीचा. मला वाटतं, सुरुवात मॉनिटरपासून करावी. लेकीच्या यादीत मॉनिटर नव्हताच, हॉलमधल्या टीव्हीला जोडू म्हणाली होती. पण किती ताकदीचं कार्ड लागणार हे पडदाच ठरवतो. साध्या फुल एचडी पडद्यावर १९२० गुणिले १०८०, म्हणजे सुमारे २०.७ लाख ठिपके असतात. त्याच्या वरच्या, १४४० पी म्हणतात त्या पडद्यावर ३६.९ लाख. फोर-के पडद्यावर जवळपास ८३ लाख. प्रत्येक चित्रात एवढे ठिपके कार्डाला रंगवायचे असतात, आणि अशी चित्रं सेकंदाला साठ, शंभर, एकशे चव्वेचाळीस. साठ हजारांत फुल एचडी, २४ इंची पडदा घ्यायचा, एवढं ठरलं की निम्म्या शंका आपोआप मिटतात.

मग प्रश्न, खेळायचं काय? ती वर्गातल्या मैत्रिणींबरोबर व्हॅलोरंट खेळायची, तेही एका मैत्रिणीच्या घरी जाऊन. तो गेम फुकट आहे, आणि कार्डापेक्षा प्रोसेसरवर त्याचा भार जास्त. पण तिला मोठाल्या जगात भटकायचे, गोष्ट सांगणारे गेमही खेळायचे होते, आणि तिथे कार्ड लागतंच. यादीतलं तिचं १७,००० चं कार्ड ४ जीबी मेमरीचं होतं. नव्या मोठ्या गेमना तेवढी मेमरी अपुरी पडते. चित्रातल्या भिंती, झाडं, कपडे यांचा पोत त्या मेमरीत मावला नाही की खेळ अडखळतो. चार हजार जास्त घातले की ८ जीबीचं आरएक्स ६६०० येत होतं. हे चार हजार कुठून आणायचे हे मला लगेच दिसलं: कूलर. आम्ही जो प्रोसेसर ठरवत होतो, रायझन ५ ५६००, त्याच्या खोक्यातच कूलर येतो आणि ६५ वॉटच्या त्या प्रोसेसरला तो पुरतो. दिव्यांचं कॅबिनेटही गेलं. त्याच्या जागी जाळीच्या तोंडाचं साधं कॅबिनेट आलं. मे महिन्यात बदलापूर किती तापतं ते इथे राहणाऱ्याला सांगायला नको. खोलीतलीच हवा चाळिशीकडे गेलेली असताना काचेच्या तोंडाचं कॅबिनेट आत थंड हवा घेणार कुठून?

एक वेगळी वाटही आमच्यापुढे होती, आणि ज्यांचं बजेट पस्तीस हजारांच्या आसपास आहे त्यांना मी आजही तीच सुचवते. रायझन ५ ५६००जी. नावाच्या शेवटी एक जी जास्त. त्याच्या पोटातच लहान ग्राफिक्स असतं, त्यामुळे कार्ड न घेताच कॉम्प्युटर सुरू होतो, हलके गेम चालतात आणि पुढच्या वर्षी पैसे साठले की कार्ड घालता येतं. फक्त रॅमच्या दोन पट्ट्या घ्यायच्या, आठ-आठच्या. सोळाची एकच घ्यायची नाही. आतल्या ग्राफिक्सला स्वतःची मेमरी नसते, ते रॅमच वापरतं, आणि दोन पट्ट्या म्हणजे ये-जा करायला दोन रस्ते. याच्या उलट साध्या ५६०० ला, किंवा नावाच्या शेवटी एफ असलेल्या इंटेलच्या प्रोसेसरला, आत ग्राफिक्स नसतंच. कार्ड नंतर घेऊ म्हणून तसा प्रोसेसर आणला तर पडदा काळाच राहतो. एका अक्षराचा फरक, पण कितीतरी घरांत त्यापायी पोरं हिरमुसून बसली असतील.

जुनं कार्डही स्वस्तात मिळत होतं. २०२२ च्या सप्टेंबरात इथेरियम या डिजिटल चलनाचं मायनिंग, म्हणजे कार्डांवर हिशेब चालवून ते चलन कमावणं, बंद झालं आणि त्यासाठी रात्रंदिवस चाललेली कार्डं बाजारात आली. त्यांतली चांगली असतातच, नाही असं नाही. पण चांगलं कोणतं ते ओळखायची नजर पहिल्या खेपेला नसते. आम्ही त्या वाटेला गेलो नाही.

२० मे, शनिवार. बाबा, लेक आणि मी सकाळच्या लोकलने दादरला उतरलो, तिथून पश्चिम रेल्वेची स्लो गाडी धरून ग्रँट रोडला. पूर्वेला बाहेर पडून थोडं चाललं की लॅमिंग्टन रोड. पाटीवर डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग. पण शंभरेक वर्षांपूर्वीच्या गव्हर्नराचं नाव लोकांच्या तोंडून काही जात नाही. दुकानं अरुंद, खोकी छतापर्यंत. काउंटरवर उभं राहून यादी द्यायची, माणूस कॅल्क्युलेटर बडवत पॅडवर कोटेशन लिहून देतो, ते घेऊन पुढच्या दुकानात जायचं. चार दुकानांत फिरलो. एकाच सामानाच्या बेरजेत सर्वांत महाग आणि सर्वांत स्वस्त दुकानात २,९०० रुपयांचा फरक निघाला.

तिसऱ्या दुकानात लेक अडखळली. पाचच दिवसांनी आरएक्स ७६००, आम्ही ठरवलेल्या कार्डाच्या पुढच्या पिढीचं कार्ड, बाजारात येणार होतं, ते तिने वाचलं होतं. थांबायचं का? दुकानदार म्हणाला, येईल तेव्हा पहिले काही आठवडे महाग असेल. ते खरंही होतं. पण मला वाटतं, थांबण्याला अंत नसतो. महिन्याभरात आणखी एक येणार, दिवाळीत आणखी. तिची सुट्टी मात्र एकच होती. अकरावीचं वर्ष सुरू झालं की वेळ कुठला? मी म्हटलं, आजच घेऊ.

चौथ्या दुकानात काउंटरवरच्या मुलाने हळूच विचारलं, "काका, बिल चाहिए क्या?" बिलाशिवाय कार्ड अठराशे रुपयांनी स्वस्त. बाबांनी मान हलवली. पक्कं बिलच हवं, त्यावर खोक्यावरचा सिरियल नंबरही हवा. तीन वर्षांची वॉरंटी त्या कागदावर उभी असते. अठराशे रुपयांत तीन वर्षांचा भरवसा विकायचा नसतो, असं मला पतपेढीतल्या इतक्या वर्षांनंतर अगदी मनापासून वाटतं.

आणि मग एसएमपीएस. त्या मुलाने दोन खोकी ठेवली. एक १,१०० चं, वर मोठ्या अक्षरांत ५०० वॉट. दुसरं ४,००० चं, ५५० वॉट. बाबांनी दोन्ही हातांत तोलून पाहिली, मग चष्मा वर करून बाजूचा तक्ता वाचला. कॉम्प्युटरचं सगळं जड काम १२ व्होल्टच्या तारेवर चालतं, तेव्हा त्या रकान्यात किती अँपिअर लिहिलेत तेवढं बघायचं. स्वस्त डब्यावर १६ होते. बाबांनी लेकीला गुणायला सांगितलं. "सोळा बारी एकशे ब्याण्णव," ती म्हणाली आणि गप्प झाली. मोठ्या अक्षरांत पाचशे, तक्त्यात एकशे ब्याण्णव. दुसऱ्यावर ४५ अँपिअर, म्हणजे ५४०. मग बाबांनी तिच्याच पानाच्या मागे लोड मांडला. कार्ड १३२, प्रोसेसर ६५, पंखे, डिस्क, मदरबोर्ड यांचे पन्नास धरले तर २४७. "मग तीनशेचा पुरेल ना?" तिने विचारलं. बाबा म्हणाले, विहिरीवरची मोटर चालू होताना पहिल्या क्षणाला नेहमीच्या कितीतरी पट करंट ओढते, तो हिशेब धरून वायर टाकावी लागते. कार्डांचंही तसंच असतं हे तिने वाचलेलं होतं. खेळात एकदम स्फोट झाला, धूर झाला की कार्ड क्षणभर ठरल्यापेक्षा बरंच जास्त ओढतं. पण विहिरीच्या मोटरीपासून ते तिला खरं समजलं, असं तिच्या चेहऱ्यावरून वाटलं. खोक्यावरच्या ८० प्लस ब्राँझच्या शिक्क्याबद्दल एक सांगते. तो एसएमपीएस किती वीज वाया घालवत नाही याचा शिक्का आहे. आतला माल किती टिकाऊ, संरक्षणं कोणती, हे त्यावरून कळत नाही. त्यासाठी वॉरंटीची वर्षं बघावीत. आमच्यावर पाच होती.

बेरीज अशी झाली: प्रोसेसर १३,०००, मदरबोर्ड ६,८००, रॅम ३,६००, ५०० जीबीची एसएसडी २,७००, कार्ड २१,०००, एसएमपीएस ४,०००, कॅबिनेट ३,२००, मॉनिटर ९,४००. एकूण ६३,७००. बाबांनी खिशातून चार हजार काढून काउंटरवर ठेवले. "हा डबा माझा," म्हणाले.

दुकानातच जोडून देतो म्हणत होते, पाचशे रुपयांत. लेकीने ऐकलं नाही आणि मला ते बरं वाटलं.

रविवारी सकाळी हॉलमध्ये चटई टाकली. मदरबोर्ड त्याच्याच खोक्यावर ठेवला. या प्रोसेसरच्या पोटाला १,३३१ सोनेरी पिना असतात, केसासारख्या. एक जरी वाकली तरी पंचाईत. कोपऱ्यातला छोटा त्रिकोण सॉकेटवरच्या त्रिकोणाशी जुळवायचा, बाजूची दांडी वर करायची आणि प्रोसेसर नुसता ठेवायचा. दाबायचा नाही. तो स्वतःच्या वजनाने खाली बसतो. लेकीचा हात थरथरत होता. बाबा तिला एवढंच म्हणाले, "घाई नको, श्वास घे." बसला. दांडी खाली केली. कूलरच्या तळाला उष्णता वाहून नेणारी पेस्ट लावलेलीच होती. चार स्क्रू, ते एका पाठोपाठ एक न पिळता समोरासमोरचे थोडे थोडे. हे तिला आबांनी सांगावं लागलं नाही, स्कूटीचं चाक बदलताना तिने पाहिलं होतं.

दुपारी दोन वाजता बटण दाबलं. पंखे फिरले. पडदा काळा.

कोणीच काही बोललं नाही. मला २००९ ची ती संध्याकाळ आठवली. बाबांनाही आठवली असणार, कारण त्यांनी आधी वाकून वास घेतला. जळका वास नव्हता. मग लेकीला दिसलं की मदरबोर्डाच्या कडेला एक बारीक लाल दिवा पेटलाय आणि त्याच्याखाली डीरॅम लिहिलंय, म्हणजे तक्रार रॅमची. बाबांनी बटण बंद करून पिन काढायला लावली. "सगळं एकदम उसकटू नको. एक एक काढ, एक एक लाव." तिने दोन्ही पट्ट्या काढल्या. मग एकच लावली, प्रोसेसरपासून दुसऱ्या खाचेत, आणि या वेळी दोन्ही टोकांना कट् असा आवाज येईपर्यंत दाबली. तेवढा जोर लावायचं धाडस सकाळी तिला झालं नव्हतं. पडदा उजळला. दुसरी पट्टी चौथ्या खाचेत. पुन्हा उजळला. ती उठून आबांना बिलगली तेव्हा तिच्या हातात स्क्रू-ड्रायव्हर तसाच होता.

पुढचे दोन आठवडे सगळं छान चाललंय असं वाटत होतं, आणि चाललंही होतं. पण मग तिला कळलं की ३२०० ची म्हणून घेतलेली रॅम २१३३ वर धावतेय आणि सेकंदाला १४४ चित्रं दाखवू शकणारा मॉनिटर साठच दाखवतोय. दोन्ही गोष्टी स्वतः चालू कराव्या लागतात. रॅमसाठी बायोसमध्ये, म्हणजे मदरबोर्डाच्या स्वतःच्या सेटिंगमध्ये, एक्सएमपी नावाचा पर्याय, मॉनिटरसाठी विंडोजच्या सेटिंगमध्ये एक आकडा. पाच मिनिटांचं काम, खर्च शून्य. दोन चित्रांमधलं अंतर जवळपास सतरा मिलिसेकंदांवरून सातवर आलं. तो फरक मलाही दिसला. माउस पडद्यावरून पाण्यासारखा वाहायला लागला.

बाबांनी क्लॅम्प मीटर लावून मोजलं. खेळ रंगात आलेला असताना भिंतीतून अडीचशे वॉटच्या आत-बाहेर. ते बघून त्यांनी दिवाळीत यूपीएस आणला. तोही सहाशे व्हीएचा आणला नाही, कारण त्यातून खरे वॉट तीनशेसाठच्या आसपास निघतात. पुढच्या मापाचा आणला. वीज गेली की कॉम्प्युटर नीट बंद करायला मिळणारी ती दहा मिनिटं त्यांच्या दृष्टीने सगळ्यांत मोलाची आहेत. लेकीने पहिल्याच आठवड्यात घरातले सगळे फोटो दोन ठिकाणी ठेवले. तिला तसं कोणी सांगितलं नव्हतं.

उन्हाळ्यात अर्थिंगच्या खड्ड्यात पाणी घालावं लागतं, नाहीतर माती सुकते. ते काम आता तिच्याकडे आहे.

गेल्या सुट्टीत तिच्या मैत्रिणीच्या घरून बोलावणं आलं. तिच्या धाकट्या भावाला कॉम्प्युटर हवाय, बजेट चौतीस हजार, यादी करून द्यायची. लेक निघाली तेव्हा मला वाटलं, वही-पेन घेतलं असेल. तिने आबांच्या पिशवीतून टेस्टर आणि मीटर घेतलं होतं. संध्याकाळी मैत्रिणीच्या आईचा फोन आला. म्हणाली, पोरगी आली, चहासुद्धा घेतला नाही, दारातच म्हणाली, "काकू, आधी बोर्ड दाखवा."